सिमेंट लावूनही भिंत का सोलते?

प्रश्न : असोद्याला आमचं जुनं घर आहे. जोतं दगडाचं, त्यावर पांढऱ्या मातीची हातभर जाड भिंत, आजेसासऱ्यांच्या वेळची. चौदा वर्षांपूर्वी बाहेरून सिमेंटचं प्लास्टर केलं आणि वर ऑइलपेंट दिला. आता गल्लीच्या बाजूने कमरेइतक्या उंचीपर्यंत पापुद्रे सुटतात, पांढरं पीठ झडतं. दर दिवाळीला खरवडतो, पुट्टी भरतो, रंग देतो. होळीच्या आत पुन्हा तेच. सासूबाई म्हणतात, ‘आमच्या वेळी शेणामातीचं सारवण आणि चुन्याचा हात, एवढ्यावर भिंत उभी होती.’ मग सिमेंट पक्कं असून ते का टिकत नाही? अमेरिकेत राहणारा दीर सांगतो, तिकडे त्याच्या गावात सगळी घरं बाहेरून प्लास्टरचीच आहेत आणि त्यांना काही होत नाही. खरं काय? सोबत फोटो आणि एक पापुद्रा पाठवत आहे.
– एक वाचक, असोदा

उत्तर : पापुद्रा पोचला. वाटेत निम्म्याचा भुगा झाला, पण तळहाताएवढा तुकडा शाबूत होता आणि अर्धं उत्तर त्यानेच दिलं. तुमच्याकडचा एखादा पापुद्रा घ्या आणि पालथा करून बघा. रंगाची बाजू अजून चकचकीत आहे, मधलं सिमेंट नखाने खरवडत नाही. मागच्या बाजूला मात्र चिमूट-दोन चिमूट पांढरी माती चिकटून आली आहे, आणि तिच्यावर पिठासारखा खार. म्हणजे सिमेंट फुटलेलंच नाही. ते जसंच्या तसं आहे. पडताना त्याने भिंतीची कातडी सोबत आणली आहे. तुम्ही विचारता सिमेंट का टिकत नाही. खरं तर सिमेंट टिकतंय, त्याच्या मागची भिंत टिकत नाहीये.

असं का, हे समजायला थोडं मातीकडे जावं लागेल. आपल्याकडे गावाचे दोन भाग पूर्वापार मानले गेले : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेताची जमीन, पांढरी म्हणजे गावठाण. काळी माती पाणी पिऊन फुगते, उन्हात भेगाळते. कपाशीला ती सोनं, पण भिंतीला वैरीण. म्हणून घरं पांढऱ्या मातीची. ही पांढरी माती म्हणजे निव्वळ माती नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या माणसं एका जागी राहिली, त्यांची राख, शेण, पडलेल्या भिंती, गोठ्याचं पाणी हे सगळं तिच्यात मुरलं. १९५०च्या दशकात गिरणाकाठी बहाळला आणि तापीकाठी प्रकाशेला उत्खननं झाली, ती अशाच पांढरीच्या टेकाडांत. तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीची खापरं तिथं निघाली. अशा मातीत खार असायचाच. देशात कितीतरी ठिकाणी जुन्या वस्तीच्या मातीतूनच बंदुकीच्या दारूचा सोरा काढत. धाब्याच्या छपरावर टाकायला तर मुद्दाम खारी माती आणतात, कारण ती पावसात दबून घट्ट बसते आणि गळत नाही.

तेव्हा तुमच्या भिंतीत खार आज आलेला नाही. आजेसासऱ्यांच्या वेळीही तो होता, आणि जमिनीची ओलही होती. ओल दिव्याच्या वातीतल्या तेलासारखी भिंतीतून वर चढते. जुन्या घरांना जोत्यावर ओल अडवणारा थर नसतो, त्यामुळे साधारण कमरेपर्यंत ती सहज पोचते. तुमचे पापुद्रे नेमके तेवढ्याच उंचीवर आहेत. या ओलीबरोबर खार विरघळून येतो. पाणी जिथे वाळतं तिथे खार मागे राहतो, त्याचे बारीक खडे बनतात, आणि खडा मोठा होताना जागा मागतो. ती जागा तो मातीचे कण ढकलून मिळवतो. यालाच आपण लोणा लागणं म्हणतो.

आता दोन भिंती शेजारी शेजारी उभ्या करा. पहिलीवर शेणामातीचा गिलावा आणि चुन्याची सफेदी. ओल त्यातून आरपार येते आणि अगदी वर, हवेला लागून वाळते. खार बाहेर फुलतो. सासूबाई तो केरसुणीने झाडायच्या, वर्षाकाठी एक हात सारवण आणि चुना द्यायच्या, की झालं. झिजत होता तो गिलावा, भिंत नव्हे. दुसरीवर सिमेंट आणि ऑइलपेंट. ओल येते आणि दाराशी अडते. ती सिमेंटच्या पाठीमागे वाळते, म्हणजे खार तिथेच साठतो, मातीच्या कणाकणात. चौदा वर्षं हे चाललं. आत भिंत भुसभुशीत, बाहेर रंग चकचकीत. गिलावा हा भिंतीपेक्षा कच्चा असावा लागतो, हे गवंडीकामातलं जुनं शहाणपण आपण ‘पक्कं’ या शब्दाच्या मोहात विसरलो. सासूबाईंना माझ्यातर्फे सांगा, त्या बरोबर आहेत.

मोह तरी का पडू नये? सिमेंट आपल्याकडे तसं कालचं. पोर्टलंड सिमेंटचं पेटंट इंग्लंडात १८२४ सालचं, आणि भारतात सिमेंटचं उत्पादन नीट मार्गी लागलं ते १९१४ साली पोरबंदरला. तुमच्याच गावात १८८० साली कवयित्री बहिणाबाईंचा जन्म झाला, त्या नांदायला जळगावला गेल्या, तेव्हा भिंतीला लावायला होतं ते माती, शेण आणि चुना. पुढे सिमेंटची गोणी आली, हाताळायला सोपी, काही तासांत आवळणारी. चुन्याचा कारभार त्यामानाने खटाटोपाचा. चुनखडी भट्टीत नऊशे अंशांच्या आसपास भाजायची, कळीचा चुना पाण्यात विरवायचा, दिवसचे दिवस मुरवायचा, मग घाणीत मळायचा. जुन्या किल्ल्यांवर दगडी चाकाच्या त्या गोल घाणी अजून दिसतात. बैल फिरायचे आणि चुना, वाळू, सुरखी (विटांची भुकटी) एकजीव व्हायची. वर गुळाचं पाणी, बेलफळाचा गर, उडदाची डाळ. अर्धं बांधकाम, अर्धं स्वयंपाकघर. हा चुना भिंतीवर गेला की हवेतला कर्बवायू घेत घेत सावकाश पुन्हा चुनखडी होतो, त्याला महिने लागतात. ठेकेदाराला आणि आपल्याला तेवढा दम कुठला?

आता चुना म्हणजे अमरपट्टा, असंही समजू नका. औरंगाबादचा बिबी का मकबरा १६६०–६१चा. लांबून तो सगळा संगमरवरी वाटतो, पण संगमरवर आहे घुमटाला आणि खालच्या पट्ट्याला. बाकीचा बराचसा डौल घोटून गुळगुळीत केलेल्या चुन्याच्या गिलाव्याचा. साडेतीनशे वर्षं तो उभा आहे खरा, पण त्याच्या गिलाव्याचीही पुन्हा पुन्हा दुरुस्ती करावी लागते. देखभाल कुणालाच चुकत नाही. फक्त कशाची करायची, गिलाव्याची की भिंतीची, एवढंच आपल्या हातात असतं.

आणि चकचकीत थराचं म्हणाल, तर त्याचा नमुना तुमच्या घरापासून गाडीने दोन तासांच्या आत आहे. अजिंठ्याच्या चित्रांखालचा गिलावा मातीचाच : माती, तूस, गवताचे धागे, वर चुन्याचा पातळ हात. १९२०–२२मध्ये निजाम सरकारने लोरेंझो चेक्कोनी आणि ओर्सिनी या दोन इटालियन तज्ज्ञांना बोलावलं. सुटणारे तुकडे त्यांनी पुन्हा चिकटवले, ते काम मोलाचंच. पण चित्रांवर त्यांनी लाखेचं रोगण चढवलं. त्याआधी चित्रांच्या नकला उतरवणाऱ्या चित्रकारांनीही रोगणाचे हात दिलेले होतेच. काही काळाने ते रोगण पिवळं-तपकिरी पडलं, चित्रं काळवंडली, आणि ते थर अलगद उतरवण्यात पुढच्या कितीतरी जणांची वर्षं गेली. वेरूळची गोष्ट उलटी. पुरातत्त्व खात्याचे राजदेव सिंह आणि औरंगाबादच्या विद्यापीठातले वनस्पतितज्ज्ञ मिलिंद सरदेसाई यांनी २०१६ साली दाखवलं, की वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे धागे कालवलेले आहेत. अजिंठ्यात ते नाहीत, आणि तिथे गिलाव्यातला भुसा किड्यांनी बराच खाल्ला. त्यांच्या मते वेरूळचा गिलावा तगला त्यात या धाग्यांचा वाटा आहे. (तुम्ही गव्हाचा भुस्साच वापरा. भांगेचा गिलावा करायला गेलात, तर गवंड्याआधी पोलीस येतील.)

दिराचं म्हणणंही खोटं नाही, अपुरं आहे. तिकडच्या बऱ्याच घरांचा सांगाडा लाकडाचा असतो. त्यावर पाणीरोधक कागद, त्यावर तारेची जाळी, मग प्लास्टरचे तीन हात. पण खरी हुशारी तळाशी आहे. प्लास्टरची खालची कड जमिनीला टेकू देत नाहीत. मातीपासून निदान चार इंच वर थांबवतात, आणि तिथे भोकं असलेली धातूची पट्टी बसवतात, आत शिरलेलं पाणी कागदावरून घरंगळून तिथून बाहेर पडावं म्हणून. त्यांनी पाणी येणार हे गृहीत धरलं आणि त्याला दार ठेवलं. जिथे दार ठेवलं नाही तिथे काय झालं, हे कॅनडातल्या व्हँकूव्हरला विचारावं. १९८०–९०च्या दशकांत तिथे बाहेरून घट्ट बंद केलेल्या प्लास्टरच्या हजारो सदनिका उभ्या राहिल्या. पाणी आत गेलं, बाहेर येईना, लाकूड कुजलं. अखेर १९९८ साली सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. तेव्हा दिराला फोन कराल तेव्हा एवढंच विचारा, की तुझ्या भिंतीची खालची कड जमिनीला टेकलेली आहे का.

आता फोटोकडे येतो, कारण त्यात एक गोष्ट आहे जी तुम्ही पत्रात लिहिली नाहीत. गल्लीचा काँक्रीट रस्ता. दोनदा तरी एकावर एक झालेला दिसतो, आणि तुमच्या दगडी जोत्याच्या पायऱ्यांपैकी एकच उरली आहे. म्हणजे जोतं रस्त्याखाली गेलं. पूर्वी पावसाचं पाणी गल्लीतून वाहायचं, आता ते भिंतीला टेकून उभं राहतं. रस्त्यावर आपटलेला प्रत्येक थेंब मातीवर उडतो. असोद्यातच नव्हे, खानदेशातल्या गावोगावच्या जुन्या घरांचं हे दुखणं आहे. रस्ता करताना जुना थर उखडून मग नवा टाकावा, एवढी साधी गोष्ट ग्रामसभेत आग्रहाने मांडायला हवी. तुमच्या भिंतीचा निम्मा औषधोपचार तिथे आहे.

घरच्या बाजूने काय करायचं ते सांगतो. आधी पाणी, मग गिलावा. हा क्रम उलटा करू नका. वरची पन्हळ फुटलेली नाही ना, छपराची पागोळी भिंतीपासून लांब पडते ना, बघा. छज्जा असेल तर त्याच्या खालच्या कडेला बोटभर रुंदीची खाच आहे का पाहा. ती नसेल तर पाणी छज्ज्याच्या पोटाखालून सरपटत भिंतीवर येतं. रस्त्याचं काँक्रीट भिंतीला चिकटलं आहे तिथे वीतभर रुंदीची पट्टी पंचायतीला विचारून कापून घ्या, खडी भरा आणि तिला गटारीकडे उतार द्या. खोल खणू मात्र नका. मातीच्या भिंतीच्या पायाशी खोल चर मारणं म्हणजे ती पाडण्याची तयारी.

मग भिंत वाजवून बघा. रुपयाचं नाणं किंवा बोटाचं हाड पुरे. भरीव जागी टकटक येते, सुटलेल्या जागी ढबढब. ढबढब वाजणाऱ्या भागाभोवती खडूने रेघ ओढा. ती रेघ तुम्हाला वाटतं त्यापेक्षा वर गेलेली असेल, तयारी ठेवा. आणखी एक खूण : उन्हाळ्यात फूटभर प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून दोन दिवस भिंतीवर ठेवा. आतल्या बाजूला थेंब जमले, तर ओल अजून भिंतीतून येते आहे.

सिमेंट काढायचं, पण सगळं एका दिवसात नाही. इथे जरा गंभीरपणे सांगतो. मागची माती वर्षानुवर्षं ओली राहून पोचट झाली असेल, तर ते सिमेंटच तिला कसंबसं धरून असतं. भिंतीला कुठे पोट आलंय का, ओळंबा लावून बघा. पोट दिसलं किंवा लोखंडी सळई सहज आत शिरली, तर टेकू दिल्याशिवाय हात लावू नका, आणि बांधकामाच्या जाणत्या अभियंत्याला आधी दाखवा. पावसाळ्यात मातीच्या भिंती पडून माणसं दगावल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. भिंत सरळ आणि घट्ट असेल तर चार-चार फुटांच्या पट्ट्यांनी सिमेंट काढा. छिन्नी हलक्या हाताने, तिरकी. खार कोरड्या कुंच्याने झाडा आणि तो केर लांब टाका. पाण्याने धुऊ नका. धुतलेला खार पुन्हा आत जातो. आणि मग भिंत उघडीच ठेवा, निदान एक उन्हाळा. दिसायला वाईट दिसेल. पाहुणे विचारतील. विचारू द्या.

नवा गिलावा सासूबाईंना माहीत आहे तोच : चाळलेली पांढरी माती, गव्हाचा भुस्सा, शेण; हा गारा पायाने तुडवून आठ-पंधरा दिवस कुजवायचा, रोज थोडं पाणी. दोन पातळ हात द्यायचे, पहिला वाळून भेगाळला की त्यावर दुसरा. माती शक्यतो कमी खारी बघून घ्या. जिभेला किंचित लावली तरी खारटपणा कळतो. रस्त्याच्या उडणाऱ्या पाण्याने खालचा दगडी भाग फार भिजत असेल, तर दगडांच्या सांध्यांत चुन्याचा माल भरा : एक भाग मुरवलेला चुना, एक भाग सुरखी, दीड-दोन भाग वाळू, गवंड्याच्या अंदाजाने थोडं इकडे-तिकडे. वरून चुन्याच्या सफेदीचे तीन पातळ हात, थोडा डिंक, हवी तर नीळ. कळीचा चुना विरवताना उकळतो आणि उडतो. मुलांना लांब ठेवा, डोळे सांभाळा. ऑइलपेंट, पुट्टी, ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेला कुठलाही डबा या भिंतीच्या आसपास आणू नका. दुकानदार म्हणेल, सगळे हेच लावतात. सगळ्यांच्या भिंतीही सोलताहेत.

विटांची आणि आरसीसीची घरं असलेल्या वाचकांनी यातून घाईने अर्थ काढू नये. त्या भिंतीला सिमेंटचं प्लास्टर चालतं, नीट केलं तर. नीट न करण्याचा अनुभव माझ्या पदरी आहे. धुळ्याला घर बांधलं तेव्हा मी एप्रिलात बाहेरचं प्लास्टर उरकलं. मिस्त्री सकाळी एकदा पाणी मारून जायचा, आणि अर्ध्या तासात पश्चिमेची भिंत तव्यासारखी. पंधरा दिवसांत तिच्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा उमटल्या, त्या आजही आहेत. दोष मिस्त्रीचा अर्धा, घाई माझी पूर्ण. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो. वीस फूट लांबीची भिंत ३० अंशांनी तापली, तर सिमेंटचं प्लास्टर जवळपास दोन मिलिमीटर लांबू पाहतं. वीट त्याच्या निम्मीच. ही रस्सीखेच रोज चालते. म्हणून बाहेरचं प्लास्टर थंडीत करावं, निदान सात दिवस ते ओलं ठेवावं, आणि माल उगाच ‘कडक’ करू नये. चार भाग वाळूला एक भाग सिमेंट बाहेरून पुष्कळ होतं.

केसासारख्या भेगा रंगाने झाकतात. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली, करंगळीचं नख शिरेल एवढी भेग ही मात्र बहुधा प्लास्टरची नसते, पायाची असते. काळ्या जमिनीवरच्या घरांत ती हमखास भेटते. तिच्यावर काचेची एक अरुंद पट्टी आडवी चिकटवा आणि शेजारी तारीख लिहा. पावसाळा-उन्हाळा उलटून काच शाबूत राहिली, तर भेग निजली, भरून टाका. काच तडकली, तर घर अजून हलतंय आणि रंगाऱ्याला बोलावण्यात अर्थ नाही.

आता राहिली दिवाळी. चार महिने पाऊस पिऊन भिंत ओली असते, आणि आपण आश्विनातच तिला रंगाने बंद करतो. चुन्याचा हात होता तोवर हे चालत होतं, कारण चुना ओलीला वाट देतो. रिवाज चुन्याचा होता, आपण तो ऑइलपेंटला लावला. तुमचे पापुद्रे होळीच्या आत सुटतात, ते यामुळेच. रंग द्यायचाच असेल तर माघ-फाल्गुनात द्यावा, भिंत वाळल्यावर. या दिवाळीला घराच्या बाकी भिंती हव्या तशा सजवा. गल्लीकडच्या या एका भिंतीवर पणत्या ठेवा, रंग नको.